एकतिसावं पाकीट

बुधवार, ता. ३ सप्टेंबर

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. आईवडिलांना तीर्थरूप आणि थोरल्या भावाला तीर्थस्वरूप लिहायचं, हे गावच्या शाळेत छडी खाऊन शिकलो होतो. सहा वर्षांनी लिहितोय, तरी हात चुकला नाही. वहिनींना नमस्कार सांग. इकडे सर्व ठीक. टाके कोरडे झाले का ते कळव.

त्या मंगळवारी सकाळी मी साडेसहालाच थिएटरात आलो होतो. रोज सातला येतो, कधी चुकत नाही, म्हणून इथे सगळे मला घड्याळमामा म्हणतात. त्या दिवशी घड्याळ अर्धा तास पुढे पळत होतं. यादीत पहिला तू होतास. हर्निया, उजवी बाजू, वय छप्पन्न. मी टेबल पुसलं, दिवे लावून पाहिले, ऑक्सिजनचा काटा पाहिला आणि मग तेच सगळं पुन्हा एकदा केलं. कोपऱ्यात उभं राहून देवाचं नाव घेतलं. ते मी येणाऱ्या प्रत्येकासाठी घेतो, पण मनातल्या मनात. मोठ्याने घेतलं तर पेशंटला वाटायचं, आज आपलं काही खरं नाही.

तुला गाडीवरून आत आणलं तेव्हा तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि छताकडे पाहायला लागलास. मला वाटलं, मास्कमुळे ओळखलं नाही. मग म्हणालास, "तोंड झाकलंस, पण कान बापाचेच आहेत." सहा वर्षांनंतरचं तुझं पहिलं वाक्य. मी तुझ्या अंगावरची चादर सारखी केली.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी तुला बसवलं आणि पाठ गोल करायला सांगितली. तू म्हणालास, "खिळा सरळ ठोक गं बाई. वाकडा गेला की लाकूड फाटतं." त्या हसल्या, पण हात हलला नाही. त्यांचा हात कधीच हलत नाही. वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत. मला मामा म्हणतात, आणि म्हणण्यापुरतं म्हणत नाहीत.

तू सही केलीस तो कागद कसला होता, असं तू वॉर्डात विचारलं होतंस. तेव्हा घाईत होतो, आता सांगतो. पोटाच्या खालच्या भागाच्या ऑपरेशनला मणक्यात इंजेक्शन देऊन कंबरेखालचं अंग बधिर करतात. त्या मुख्य औषधात थोडं दुसरं औषध मिसळलं की ऑपरेशननंतरही दुखणं बराच वेळ दूर राहतं. मिसळायची औषधं दोन आहेत. एक जुनं, फेन्टानिल, अफूच्या जातीचं. दुसरं नवीन, त्याचं नाव एवढं लांब आहे की आम्ही त्याला नुसतं डेक्स म्हणतो. दोन्ही चालतात, दोन्ही रोज वापरतात. पण जास्त चांगलं कोणतं, कोणाला किती वेळाने दुखायला लागतं, कोणाची नाडी उतरते, कोणाला खाज सुटते, हे बाई साठ पेशंटांत पडताळून पाहताहेत.

त्यासाठी साठ बंद पाकिटं आहेत. आत चिठ्ठी. ज्याचा जो नंबर, त्याला चिठ्ठीत असेल ते औषध. पाकीट फक्त मी उघडतो, शेजारच्या खोलीत औषध भरतो, सिरिंजवर नुसता नंबर चिकटवतो, पाकीट पुन्हा बंद करून वर सही करतो. बाईंना कळत नाही, पेशंटला कळत नाही. कळलं की माणूस नकळत आपल्याला हवं तेच पाहतो, असं बाई म्हणतात. मला हे फार पटलं होतं.

तुझा नंबर एकतीस. तुझं औषध मी भरलं.

पुढचं तुला थोडंफार आठवत असेल. वीस मिनिटांनी तुझी नाडी अडतीसवर आली. यंत्राचा आवाज संथ झाला. बाईंनी लगेच इंजेक्शन दिलं आणि दोन मिनिटांत ती साठच्या वर गेली. असं होतं कधीकधी. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, असं तुला सांगितलंय, ते फार मनावर घेऊ नकोस. रंधा मारणाऱ्या माणसाची नाडी मुळात सावकाशच असते. तू काळजी करत नाहीस ना? जिने चढतोस ना?

उत्तर पाठव. दोन ओळी पुरेत.

तुझा,
धाकटा


रविवार, ता. १४ सप्टेंबर

ती. स्व. दादास,

साष्टांग नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी मागितल्या होत्या, तू तीन लिहिल्यास. कार्ड दोन दिवस शर्टाच्या खिशात होतं, आता उशाखाली आहे.

पण त्या तीन ओळींनी माझी झोप उडवली आहे. दुकान बंद केलंस. करवती, पटाश्या, रंधे तेल लावून पेटीत ठेवलेस. आणि शुक्रवारी, सव्वीस तारखेला, मांडीतल्या शिरेतून हृदयापर्यंत तार घालून तपासणी. तुझ्या अक्षरात "तार" हा शब्द एवढा दाबून लिहिलाय की कार्ड मागून उठलंय.

काल वहिनींचा फोन आला होता. तुला सांगू नका म्हणाल्या, तरी सांगतो. म्हणाल्या, "भावोजी, हा माणूस दिवसभर मनगटावर बोटं ठेवून बसतो. दूध उतू जाईल म्हणून राखण करावी तशी स्वतःची नाडी राखतो. पाण्याची कळशी उचलत नाही. हाक मारली तर हळू ओ देतो, जणू जोरात ओ दिली तर आत काही तुटेल." आणि मग म्हणाल्या, "तुमच्या दवाखान्यात गेला तेव्हा फक्त हर्निया होता हो."

मी म्हणालो, काळजी करू नका. त्या म्हणाल्या, "मग काय करू ते सांगा."

दादा, ती तपासणी पुढे ढकल. महिनाभर थांब. हृदयाच्या डॉक्टरांना सांग, ऑपरेशनची जखम अजून ओली आहे. काहीही सांग. मी इथे बावीस वर्षं आहे, मला थोडं कळतं. तुझं हृदय ठणठणीत असेल असं मला वाटतं. का वाटतं ते विचारू नकोस.

इथे काम नेहमीसारखं चालू आहे. अडतीस पाकिटं झाली. बाई खूश आहेत. परवा टेबलावर पाय हलवत बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "मामा, बाकी सगळे माझ्या आकड्यांची चेष्टा करतात. तुम्ही आहात म्हणून हे नीट होतंय." त्यांनी मला अर्धं सफरचंद कापून दिलं. मी ते घरी आणलं, खाल्लं नाही.

आज सकाळी प्रार्थनेला बसलो तर तोंडातून शब्द निघेनात. शब्द पाठ आहेत, लहानपणापासूनचे. तेच ते, तरी निघेनात.

आईची आठवण फार येते. तिचं शेवटचं आठवडाभराचं दुखणं तू पाहिलंस, मी नाही. हे मी कधी कबूल केलं नव्हतं, म्हणून इथे लिहून टाकतो. बाकीचं लिहायला बसलो होतो, पण आता थांबतो. सकाळच्या पहिल्या टपालात टाकायचं आहे.

पण तपासणी पुढे ढकल.

तुझा,
धाकटा


सोमवार, ता. २२ सप्टेंबर

दादा,

आज मायना नाही. तुझ्या कार्डावरही नव्हता. तू एवढंच लिहिलंस: "का थांबू, कारण लिही. आईच्या वेळीही तू थांबा म्हणाला होतास."

हो. म्हणालो होतो. तू दवाखान्याच्या फाटकाशी उभा होतास, शनिवारी दुपारी, हातात रिकामी पिशवी. म्हणालास, "एक बाटली दे. एकच. ती ओरडत नाही रे आता, नुसती गादी चावते." दुखण्याचं ते औषध माझ्या मागच्या कपाटात होतं आणि किल्ली माझ्या गळ्यात होती. प्रत्येक बाटली वहीत लिहावी लागते, किती वाजता, कोणासाठी, कोणाच्या सहीने. मी म्हणालो, डॉक्टर सोमवारी येतील, चिठ्ठी देतील, तोवर थांबा. आई रविवारी गेली. तेराव्या दिवशी तू मला विचारलंस, "तुझ्या वहीत सगळं जुळतंय ना? मग झालं तर." त्यानंतर थिएटरात भेटेपर्यंत आपण बोललो नाही.

कारण लिहितो.

त्या मंगळवारी मी तुझं पाकीट उघडलं. चिठ्ठीत फेन्टानिल होतं.

आता हे ऐक. औषध भरायची माझी खोली आणि ऑपरेशननंतर पेशंटला ठेवतात ती खोली, यांच्यामध्ये एक पातळ भिंत आहे. त्या खोलीत जायची मला मनाई होती, मी गेलो नाही. पण कान बंद ठेवता आले नाहीत. काही पेशंट तीन-चार तासांत कण्हायला लागायचे, काही संध्याकाळपर्यंत गाढ. गाडीवरून नेताना काही जण नाक खाजवत असायचे, आणि नाक खाजवणारे फेन्टानिलचे, हे मला पाकिटांवरून माहीत होतं. तीस पेशंट झाल्यावर मी मनाशी निकाल लावून टाकला होता की डेक्स चांगलं. बाई साठ जणांत जे शोधत होत्या ते मला तिसात, भिंतीपलीकडून कळलं होतं म्हणे!

चिठ्ठी हातात धरून मी उभा होतो. मला आईची गादी दिसली. मी मनात म्हणालो, या घरातलं दुसरं माणूस माझ्यासमोर कण्हणार नाही. मग मी बत्तीस नंबरचं पाकीट उघडलं. ते त्याच सकाळी, तुझ्यानंतर येणाऱ्या एका पेशंट बाईंचं होतं. त्यात डेक्स होतं. एकतीसच्या सिरिंजमध्ये मी डेक्स भरलं आणि बत्तीसच्या सिरिंजमध्ये फेन्टानिल. चिठ्ठ्या जिथल्या तिथे ठेवल्या, पाकिटं बंद केली, सह्या केल्या. फेन्टानिलच्या वहीत तुझ्या नंबरापुढे सकाळी आठ वीस अशी वेळ लिहिली. खरं तर ती बाटली मी दहा वाजता फोडली. ज्या वहीसाठी मी आईला थांबवलं, त्या वहीतली बावीस वर्षांतली ही पहिली खोटी ओळ.

बत्तीस नंबरच्या बाई शिवणकाम करतात, गर्भाशयाचं ऑपरेशन होतं. दुपारी एक वाजता त्यांना दुखायला लागलं. मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो. त्या ओरडल्या नाहीत. "सिस्टर, जरा येता का, सिस्टर," एवढंच पुन्हा पुन्हा, कोणाला त्रास नको अशा आवाजात. सिस्टर दुसऱ्या पेशंटपाशी होत्या, औषध मिळायला पंधरा मिनिटं लागली. तू तेव्हा गाढ झोपला होतास.

आणि तरी माझ्या हातून झालेली सर्वांत वाईट गोष्ट ही नाही.

तुझी नाडी उतरली तेव्हा मी तुझ्या डोक्याशी उभा होतो. डेक्सने नाडी उतरू शकते, हे मला माहीत होतं. बाई म्हणाल्या, "मामा, औषध!" आणि मी ते दिलं, माझा हातही हलला नाही. तू सावरलास. संध्याकाळी आमचे मोठे सर म्हणाले, असं झालंय तर या पेशंटचं पाकीट उघडून पाहू, नियमात बसतं. उघडलं. चिठ्ठीवर फेन्टानिल. सर म्हणाले, "मग मिसळलेल्या औषधाचा दोष वाटत नाही. नाडी आधीच सावकाश आहे. हृदयच तपासायला हवं." त्यांनी तुझ्यासाठी जी चिठ्ठी लिहिली ती माझ्यासमोर लिहिली. शाई वाळेपर्यंत मी तिथे उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "सर, खिडकी लावू का?"

त्या चिठ्ठीवरून तू मनगटावर बोटं ठेवून बसलास, त्या चिठ्ठीवरून हत्यारं पेटीत गेली, त्या चिठ्ठीवरून तार.

नाडी डेक्समुळेच उतरली असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मणक्यातल्या नुसत्या इंजेक्शननेही उतरते कधी. हेच तर बाई शोधत होत्या. आणि नेमकं तेच मी बिघडवून ठेवलं.

मागच्या पत्रात तुला थांब म्हणालो, ते तुझ्यासाठी नव्हतं. महिनाभरात तुला आपोआप बरं वाटेल आणि मला कोणाला काही सांगावं लागणार नाही, अशी आशा होती. तुझं कार्ड आलं तेव्हा हे कळलं. आईच्या वेळी मला माझी वही स्वच्छ हवी होती. या वेळी मला तुझी माफी हवी होती, न मागता, तू झोपेत असताना. दोन्ही वेळा दुखणं दुसऱ्याच्या वाट्याला गेलं.

आज सकाळी पहिली केस सुरू व्हायच्या आत मी बाईंना आणि मोठ्या सरांना एकत्र बोलावलं. दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आईचंही सांगितलं, पण शेवटी, सबब वाटू नये म्हणून.

बाईंनी दोन्ही पाकिटं उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "किती, मामा?"

"दोनच."

"दोनच हे मला कसं कळणार?"

दादा, मी देवाची शपथ घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना शपथ नको होती. त्यांनी शांतपणे सांगितलं की आता दोन पेशंट गाळून भागणार नाही, झालेली चाळीसच्या चाळीस पाकिटं संशयात आहेत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल. वर्ष जाईल. मी म्हणालो, बाई, मी चुकलो. त्या म्हणाल्या, "चुकलात म्हणजे हात चुकला असं वाटतं. तुमचा हात नाही चुकला." आणि उठून हात धुवायला गेल्या, कारण पहिला पेशंट आला होता. जाताना मला मामा म्हणाल्या नाहीत.

मोठ्या सरांनी माझ्यासमोरच तुझ्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला, आणि नवीन चिठ्ठी लिहिली. त्यात तुला खरं कोणतं औषध मिळालं ते आहे. सोबत जोडली आहे. तपासणी हवी की नको हे मी सांगणार नाही. माझं थांबा आणि माझं जा, दोन्हीचा भरवसा संपलाय. ही चिठ्ठी डॉक्टरांसमोर ठेव आणि तू स्वतः विचार. फोनवर बोललो असतो तर तू अर्ध्यातच ठेवला असतास, म्हणून लिहिलं. वहिनींना मात्र फोन करून एवढंच सांगितलं आहे की पत्र वाचल्याशिवाय त्याला शुक्रवारी घराबाहेर पडू देऊ नका. त्या म्हणाल्या, "भावोजी, आवाज असा का येतोय?" मी म्हणालो, पत्र येईल.

शिवणकाम करणाऱ्या बाईंना अजून सांगायचं आहे. उद्या टाके दाखवायला येणार आहेत. डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला, मी सांगेन, तुम्ही समोर उभे राहा. उभा राहीन.

चौकशी होईपर्यंत मला कामावर यायचं नाही. नोकरीचं काय होईल ते सरांनाही माहीत नाही. ते वाईट बोलले नाहीत. फक्त हात पुढे केला. मी गळ्यातला दोरा काढायला गेलो तर गाठ सुटेना, बावीस वर्षांची गाठ. शेवटी सरांच्या टेबलावरच्या कात्रीने कापली. वहीतल्या त्या ओळीवर लाल शाईने रेघ मारली, शेजारी खरी वेळ लिहिली आणि खाली सही केली.

माफी मागत नाही. मागितली तर पुन्हा एकदा तुझ्याकडूनच काहीतरी नेल्यासारखं होईल. एक मात्र विचारतो, उत्तर नाही दिलंस तरी चालेल: ती पेटी उघडशील ना?

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी किल्ली दिली. पत्र टपालात टाकून घरी चाललो आहे.

तुझा,
बापाचे कान असलेला,
धाकटा